एस्टिलचं कडवं

लिक ब्रँच, केंटकी
२७ मे १९७४

आयडेला,

पाकिटावर ‘डेला रेन’ लिहिलंय ते फक्त नॅशव्हिलच्या पोस्टमनला कळावं म्हणून. आत मी तुला आयडेलाच म्हणणार. तुझी दुपटी धुतलीत मी. माझ्यासमोर नवं नाव मिरवू नकोस.

काल डेकोरेशनचा, थडगी सजवायचा रविवार होता. तू आली नाहीस हे सांगायला पत्र लिहीत नाही, तू येत नाहीसच. टेकडीवर काय झालं ते ऐक.

सकाळी सगळे फावडी घेऊन वर गेलो. थडग्यांवरचं गवत काढलं, माती ओढून नीट केली. मी आणि आईने हिवाळाभर कागदाची फुलं करून मेणात बुडवून ठेवली होती, ती लावली. डेटन आणि डेट्रॉइटला कारखान्यांत गेलेले सगळे भाऊबंद गाड्या भरभरून आले होते. पाद्री ऑर्बी एकेका थडग्यापाशी थांबून भजनाची ओळ सांगत होते आणि आम्ही सगळे मागून ती लांबवून म्हणत होतो. आठवतंय का तुला? की तिकडे ओळ सांगायलाही व्हायोलिनवाले ठेवलेत?

मग एस्टिलपाशी आलो. पाद्री ऑर्बींनी दरवर्षीसारखी पाठ फिरवली, म्हणजे रेडिओवरचं गाणं त्यांनी ऐकलं नाही असं होतं. आई दरवर्षीसारखी जेवणाच्या चादरी अंथरायला झाडाखाली निघून गेली. आणि मी आपल्या भावाचं गाणं सुरू केलं.

अंधार होता खोऱ्यात, शीळ घालत निघाला,
आई होती झोपेत, पाऊल न वाजवता निघाला.

दुसरी ओळ माझ्या तोंडात असतानाच मागून आर्डेलकाकाच्या विल्मा जीनने सूर लावला. ती डेटनला फ्रिजच्या कारखान्यात आहे, घसाही तसाच आहे. तिच्यामागून सगळी पोरंटोरं.

निजले होते मी शेजारी, पाऊल न वाजवता निघाला.
राजा, दार उघडंच आहे, ये ना परत.

भावाच्या थडग्यावर, आयडेला. एकोणीस वर्षांचा पोरगा खाणीचं छत अंगावर येऊन गेला, आणि त्याच्या उशाशी उभं राहून ‘राजा, ये ना’. कोणाला काही वाटलं नाही. डोळे मिटून, डुलत डुलत गात होते. ‘डोंगरा, तोंड उघड, दे माझा एस्टिल परत’ ही ओळ काल त्या टेकडीवर कोणी उच्चारलीच नाही. मी मध्येच थांबले, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

नंतर कोंबडीची तंगडी चावत विल्मा जीन माझ्याजवळ आली. म्हणाली, "व्हर्डीताई, तूपण डेलाचं गाणं म्हणतेस? छान म्हणतेस गं. फक्त मध्ये चुकलीस, म्हणून मी सांभाळून घेतलं."

तू फोनवर विचारलंस, गाऊ का, तेव्हा मी हो म्हटलं होतं. कागदावर माझंच नाव आहे, पैसेही वेळेवर येतात, त्यावरून माझं भांडण नाही. पण भाऊ काढून नवरा घालू का, हे नव्हतं विचारलंस.

मला एकच हवंय. पुढच्या डेकोरेशनला ये, एस्टिलपाशी उभी राहा आणि सगळ्यांदेखत खरे शब्द गा. माझं कोणी ऐकत नाही, तुझं ऐकतील. तू नाही आलीस तर अजून दोन-चार वर्षांनी त्या टेकडीवर एस्टिल नेपियर नावाचा कोणी झोपलाय हेही कोणाला आठवणार नाही. सगळे तुझ्या राजालाच फुलं वाहतील.

व्हर्डी


लिक ब्रँच
३० जून १९७४

आयडेला,

उत्तर मिळालं. टाइप केलेलं. बहिणीला टाइप करून लिहितात होय? सही तेवढी तुझी, बाकी ऑफिसातल्या बाईची भाषा दिसते. ‘आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो’ म्हणे. आम्ही कोण? तू आणि कोण?

तुझ्या रेकॉर्डवाल्यांचं म्हणणं की खाण फक्त खाणवाल्यांना कळते, प्रेम सगळ्यांना कळतं. बरं. मग माझ्या गाण्यात काय होतं? भाजीपाला होता? शिवाय एका गाण्यात इतके शब्द मावत नाहीत असंही लिहिलंय. मावत नाहीत, पण मध्ये व्हायोलिनं अर्धा तास कुंथतात ती बरी मावतात.

आणि अगदी खाली पेनने एकच वाक्य: ‘ते कडवं मला गाता येत नाही.’ हे मात्र तुझ्या हातचं आहे. येत नाही म्हणजे काय गं? दोन ओळी आहेत. न शिकलेल्या बाईने चुलीपुढे उभं राहून केल्यात, त्यात कुठे घसा मोडणार आहे तुझा? मोठी झालीस म्हणून आमच्या घरातलं मरण तुझ्या तोंडाला लागत नाही, असं सरळ लिही.

आता आईचं ऐक, म्हणजे तुला आनंद होईल. मी ते गाणं केलं तेव्हापासून तिने कधी एकदा ‘बरं आहे’ म्हटलं नाही. मी शनिवारी रेडिओ स्टेशनवर गायला जायचे, आणि इकडे माझा आवाज लागला की ही कोंबड्यांना दाणे टाकायला उठायची. कोंबड्या खाऊन खाऊन फुगल्या. मी म्हणायचे, जाऊ दे, जुन्या वळणाची बाई आहे, गिटार वाजली की तिला पाप वाटतं.

मग तुझं गाणं लागलं की हीच बाई आवाज मोठा कसा करते? परवा शेंगा सोलता सोलता गुणगुणत होती. ‘राजा’ म्हणत, या वयात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी विचारलं, काय आवडतं तुला यात? तर म्हणाली, "हे कोणाबद्दलच नाही ना, म्हणून बरं वाटतं."

कोणाबद्दलच नाही. ऐकलंस? तुझी सगळ्यांत मोठी तारीफ तुझ्या आईने केली आहे. भिंतीवर लाव.

मे महिन्यात येणार की नाही ते हाताने लिहून कळव.

व्हर्डी


लिक ब्रँच
१४ ऑक्टोबर १९७४

आयडेला,

तीन महिने झाले, चिठ्ठी नाही. गाण्याच्या दौऱ्यावर असशील. तुझा फोटो मात्र क्लेटसच्या दुकानात तंबाखूच्या वर लागलाय. केस एवढे उंच केलेत की फोटोची चौकट कमी पडली.

शाळेच्या सभागृहात परवा गाण्यांचा कार्यक्रम होता, आगीत घर गेलेल्या लोकांसाठी. मला बोलावलं. बोलावणारा पोरगा स्टेजवर चढून काय म्हणतो, ‘डेला रेनचं लाडकं गाणं, आता ऐका तिच्या मोठ्या बहिणीच्या तोंडून.’ मी म्हटलं, घे, भोग आता. गायले. माझेच शब्द गायले. शेवटपर्यंत लोक शांत बसले, म्हातारे डोळे पुसत होते, मला वाटलं, जमलं. टाळ्या झाल्या आणि मागून कोणीतरी ओरडलं, "आता खरं म्हणा की."

सगळे हसले. प्रेमाने हसले, त्याचाच राग येतो. कोणी वाईट नव्हतं त्या सभागृहात. त्यांना मनापासून वाटत होतं की खरं तुझं, आणि माझं म्हणजे गावाकडची मोडतोड.

मी खाली उतरले आणि चालत घरी आले. आईने विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, तुझ्या लाडक्या लेकीचं गाणं सगळ्यांना पाठ आहे. तिने ताट वाढलं, मक्याचा पाव दुधात कुस्करून दिला, लहानपणी द्यायची तसा. मी तो तसाच ठेवून उठले. नंतर भूक लागली ती वेगळी गोष्ट.

तू लिहीत नाहीस म्हणून मी थांबेन असं समजू नकोस. पोस्टाची तिकिटं माझ्याकडे भरपूर आहेत.

व्हर्डी


लिक ब्रँच
१९ जानेवारी १९७५

आयडेला,

म्हणजे मला पत्र नाही, पण आईला क्लेटसच्या दुकानात फोन. बर्फातून ती तिथवर चालत गेली. परत आली तेव्हा ओठ निळे पडले होते आणि चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याचा भाव. दोघींनी काय खलबतं केलीत?

म्हणाली, ती येतेय मे महिन्यात. मी म्हटलं, उत्तम. मग म्हणाली, "व्हर्डी, तिला ते कडवं म्हणायला लावू नकोस. सोड ना ते."

का सोडू? मी विचारलं, चांगलं चार वेळा विचारलं. उठून चुलीत कोळसा घालायला लागली. आमच्या घरात कधी कोणी उत्तर दिलंय म्हणून आता देईल.

म्हणजे बघ, तिथे बसून तू तिलाही फितवलंस. माझ्याच घरात, माझ्याच आईला माझ्याविरुद्ध उभं केलंस. तुला कसं कळणार म्हणा. एस्टिल गेला तेव्हा तू नऊ वर्षांची, आईच्या कुशीत झोपणारी. मी डेटनला शिवणाच्या कारखान्यात होते. निरोप आला, बसने आले, तर घरात गर्दी आणि आई दाराशी बसलेली. डोळ्यांत पाणी नाही, तोंडातून शब्द नाही. आठवडाभर नाही. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं की नाही? म्हणून मी गाणं केलं. तो रोज शीळ घालत जायचा हे अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे. आईला झोपू देऊन गेला असेल, तो होताच तसा. त्याच्यासाठी मला एवढंच करता आलं, आणि त्यातली एक काडी मी इकडची तिकडे होऊ देणार नाही.

आता नीट ऐक. तू येशील, उभी राहशील आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गाशील. नाही गायलीस तर सगळ्या भाऊबंदांसमोर मी सांगेन की तू सख्ख्या भावाला विकून त्याच्या जागी एक भाडोत्री नवरा आणलास. आणि मग या घराची पायरी चढू नकोस. आई असेपर्यंत नाही, नंतरही नाही.

व्हर्डी


लिक ब्रँच
२ मे १९७५

आयडेला,

कार्ड मिळालं. ‘येते’ एवढा एकच शब्द. चला, हाताने तरी लिहिलास.

सपाट बूट घालून ये, टेकडीवर चिखल आहे. गिटार आणू नकोस, पाद्री ऑर्बी वर येणार नाहीत नाहीतर. मागून सूर धरायला कोणी नाही, व्हायोलिन नाही, एकटीच्या गळ्याने गायचंय. जमतं का अजून बघून ठेव.

आई तुझ्यासाठी केळ्याचं पुडिंग करणार आहे. माझ्या वाढदिवसाला सांगून सांगून थकले, तेव्हा नाही केलं.

व्हर्डी


लिक ब्रँच
२८ मे १९७५

आयडेला,

रविवारी तू न जेवता निघून गेलीस. पोरं सहीसाठी वह्या घेऊन गाडीमागे धावत गेली. पुडिंग आम्हीच खाल्लं. विल्मा जीनने दोनदा घेतलं.

तुझ्या बाजूने काय झालं ते तुझं तुला माहीत. माझ्या बाजूने सांगते.

तू एस्टिलपाशी उभी राहिलीस तेव्हा मी जिंकले होते. वर्षभर वाट पाहिली होती त्या घटकेची. पाद्री ऑर्बींनी पाठ फिरवली. पण आई चादरी अंथरायला गेली नाही. पहिल्यांदाच ती तिथे उभी राहिली, थडग्याच्या पायथ्याशी, हात पोटाशी धरून. मला वाटलं, तू गाणार म्हणून थांबली. तेही मी मनात लिहून ठेवलं.

तू पहिली ओळ म्हटलीस. नुसत्या गळ्याने. कबूल करते, अंगावर काटा आला. विल्मा जीनसुद्धा तोंड मिटून उभी होती. आणि दुसऱ्या ओळीला तू थांबलीस.

मला वाटलं, विसरलीस. रोज ते दुसरं गाऊन गाऊन खरं जिभेवरून पुसलं गेलं. मी हळूच सांगितलं. तू आईकडे बघत होतीस. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ‘आई होती झोपेत.’ तू मान हलवलीस आणि म्हणालीस, "हे मी तिच्यासमोर म्हणणार नाही."

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते ते आता विचारू नकोस. तेवढ्यात आईने ओळ सांगितली.

आपल्यात बाया ओळ सांगत नाहीत. पाद्री ऑर्बी गर्रकन वळले, तोंड उघडंच राहिलं त्यांचं. पण तुला माहीत आहे, कोणी ओळ सांगितली की माणूस थांबून विचार करत नाही. पाळण्यात असल्यापासून सवय. कानात पडते आणि तोंडातून निघते, पुढची कोणती येणार हे सांगणाऱ्यालाच ठाऊक.

अंधार होता खोऱ्यात, उठत नव्हता एस्टिल.

सगळी टेकडी गायला लागली. मीही. मनात म्हणत होते, म्हातारी चुकली, ही माझी ओळ नाही. आणि तोंडाने म्हणत होते.

पाय धरून ओढला मी, म्हटलं, गाडी चुकेल.

हेही म्हटलं.

डोंगर बोलतो, म्हणाला, आज नको गं आई.

इथे खाणीत काम केलेले सगळे पुरुष गप्प झाले. आर्डेलकाका मटकन खाली बसला. छत कोसळायच्या आधी डोंगर कसा बोलतो, हे त्याला कोणी सांगायला नको. बायका-पोरं गात राहिली. मी गात राहिले.

डबा हाती दिला मी, म्हटलं, सोंगं नकोत काही.

ही ओळ मी पूर्ण म्हटली, आयडेला. शेवटचा सूर लांबवला, दम संपेपर्यंत लांबवला, आणि मग मला कळलं मी काय म्हणत होते. तोवर तू रडत होतीस. आई नाही. आईने खाली वाकून मेणाचं एक फूल सरळ केलं आणि म्हणाली, चला, जेवण थंड होतंय.

तू त्याच खोलीत होतीस. नऊ वर्षांची पोरगी, आईच्या पलंगावर. तुला पहिल्यापासून माहीत होतं. नवरा तू रेकॉर्डवाल्यांसाठी नाही घातलास, आई त्या ओळीतून निघावी म्हणून घातलास. आणि मला काय लिहिलंस, तर ‘गाता येत नाही’. सरळ लिहायला काय धाड भरली होती? वर्षभर मी इथे बोंबलत बसले, गावभर तुझी अब्रू काढली, आणि तुम्ही दोघी आपल्या गप्प. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. तुला माफ केलंय असं समजू नकोस.

सोमवारी आई नेहमीसारखी उठली, बिस्किटं भाजली, सॉस केला. मी विचारलं, इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस? मी रेडिओवरून तुला जगभर झोपवत फिरले.

ती म्हणाली, "तू फार छान झोपवलं होतंस मला. लोक रडायचे. मी थांबून ऐकलं असतं तर मलाही ते खरं वाटायला लागलं असतं."

मी म्हटलं, मग त्या धाकटीला बरं सांगितलंस.

"तिला कोण सांगतंय? ती जागी होती."

"आणि मला?"

ती बिस्किटांवर फडकं झाकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू मला काय म्हणाली असतीस, व्हर्डी?"

मी म्हटलं, काही नाही. काही म्हणाले नसते. तिने मान डोलावली आणि माझ्यापुढे ताट सरकवलं.

खोटं बोलले मी, आयडेला. दोन ओळींसाठी मी तुला वर्षभर सोललं. तेव्हा तर एस्टिलची माती अजून ओली होती. मी आईला जन्मभर सोडलं नसतं.

व्हर्डी